सुमनआत्याचा नवा रक्तगट

सुमनआत्या गेल्याचं बाबांनी मला फोनवर सांगितलंच नाही. “ये,” एवढंच म्हणाले. भर दुपारी सोनिवलीच्या घरी पोचले, तेव्हा अंबरनाथ एमआयडीसीतल्या तिच्या मैत्रिणी पहिली पाळी संपवून गणवेशातच येऊन बसल्या होत्या. कुणी रडत नव्हतं. एक जण तिच्या पायावरची चादर पुन्हा पुन्हा सारखी करत होती… त्याला आता सहा आठवडे झाले. मध्ये दोनदा तिच्याबद्दल लिहायला बसले, पण हातून पत्रकच उतरायचं: निषेध, मागण्या, खाली सह्या. मरणाचा निषेध कुणाकडे नोंदवायचा?

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगला होती आणि आमच्याच घरी राहायची. कारखान्याच्या गेटवर वाटायची युनियनची पत्रकं ती रविवारी जमिनीवर पालथी पडून लिहायची आणि मी छापून आलेल्यांच्या घड्या घालायचे. अक्षरंही मी त्यांच्यावरूनच शिकले. “आमच्या पोरीचा ‘अ’ अननसाचा नाही, अन्यायाचा,” असं ती शेजारणींना कौतुकाने सांगायची.

तिला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी तो दबला, पण तो पुन्हा उलटू नये म्हणून नव्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्त तयार होतं त्या पेशी, दुसऱ्या माणसाकडून घ्याव्या लागणार होत्या. बाबांच्या पूर्ण जुळल्या. तारीखही ठरली. शेजारच्या खाटेवर उल्हासनगर कॅम्प एकचे एक सिंधी कापडवाले काका होते. त्यांच्या स्वतःच्याच पेशी काढून, गोठवून, त्यांनाच परत देणार होते. “अपना माल अपने को वापस, बेटी. कोई झंझट नहीं,” ते मजेत म्हणाले, आणि माझं डोकं सणकलं. दुसऱ्याच्या पेशी अंगाशी भांडतात, त्यात धोका जास्त, हे मी वाचलं होतं. मग दुकानदाराला स्वतःच्या आणि कामगार बाईला दुसऱ्याच्या का? मी बाबांना सांगितलं, संमतीपत्रावर सही करायची नाही. डॉक्टरांच्या हातात सात मुद्द्यांचं निवेदन ठेवलं.

त्या डॉक्टरबाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं. म्हणाल्या, “त्यांचा आजार वेगळा आहे. त्यांना जबर औषध द्यायचंय, त्यात मोडलेलं रक्त उभं करायला त्यांच्याच पेशी चालतात. तुझ्या आत्याचा आजार रक्ताच्या मुळाशी आहे. तिच्याच परत दिल्या तर त्यांच्याबरोबर आजारही परत अंगात जाऊ शकतो. आणि भावाच्या पेशी उरलासुरला आजार शोधून मारतात. ते भांडण आपल्याला थोडं हवंच आहे.”

मला पटलं नाही. गोड बोलणाऱ्या व्यवस्थापनावर विश्वास ठेवू नये, हे मी घड्या घालता घालता शिकले होते. दुसऱ्या डॉक्टरांची वेळ मिळून त्यांचं मत हाती येईपर्यंत तीन आठवडे गेले आणि ठरलेली तारीख टळली. त्यांनी तेच सांगितलं, फक्त कमी शब्दांत. मी मान खाली घालून परत आले तर आत्या खाटेवरून म्हणाली, “काय पत्रकबाई, मिटला का संप?”

बाबांनी पाच दिवस इंजेक्शनं घेतली. हाडं ठणकायची. मग दोन्ही हात पसरून चार तास यंत्राला जोडून बसले. आत्याने व्हिडिओ कॉलवर त्यांना पाहिलं आणि म्हणाली, “अरे दादा, मागतेय मी आणि हात तू पसरलेस होय?” काही महिन्यांनी तिचा रक्तगट बदलला. आधी बी होता, तो बाबांसारखा ओ झाला. हे असं होतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्या आनंदात ती येईल त्याला रिपोर्ट दाखवत सुटली. “बघा, आता आत सगळा दादाच वाहतोय.”

आणि मग आजार परत आला. ते तीन आठवडे वाया गेले नसते तर? डॉक्टरबाई म्हणाल्या, सांगता येत नाही. त्या खरं बोलत होत्या, म्हणूनच ते जास्त लागलं. शेवटी मी आत्यालाच विचारलं, माझ्यावर रागावलीस का?

“विचारल्याशिवाय सही करायची नाही, हे तुला मीच शिकवलं ना? मग तू विचारलंस म्हणून रागावू कशी?” मग माझा हात ओढून घेत म्हणाली, “पण उत्तर मिळालं की ऐकायचंही असतं गं. ते शिकवायचं राहिलं माझ्याकडून.”

गेल्या आठवड्यात बाबांच्या कारखान्यातले, त्यांच्याच पाळीतले दोघे भेटायला आले. बोलता बोलता एकाने तंबाखू मळली आणि सवयीने हात बाबांपुढे केला. बाबांनी तंबाखू सोडली ती आत्याने दम दिला म्हणून. पेशी दिल्या त्या दिवसापासून ती बजावायची, “आता ते रक्त माझंही आहे, त्यात घाण टाकायची नाही.” मला वाटलं, आता घेतील. अडवायला कोण आहे? बाबांनी चिमूट उचलली आणि परत त्याच्या तळहातावर ठेवली.

“नको रे,” ते म्हणाले. “सुमनला चालत नाही.”