मांजर आडवं गेल्यावर

"क्रेट आणलाय मी," अमित म्हणाला. "बंड्याला आजच रेस्क्यू सेंटरला परत देतो. तुम्हाला बोलावलं ते फक्त आईच्या समाधानासाठी."

त्याची आई, नलिनीकाकू, खुर्चीत बसल्या होत्या. उजव्या मनगटाला प्लास्टर. अकरा महिन्यांचा स्पॅनियल कुत्रा त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडला होता. ज्याच्याबद्दल चाललं होतं तो बंड्या हाच.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये कुत्र्यांची ट्रेनर आहे. त्याआधी सॉफ्टवेअर टेस्टर होते. त्यामुळे काही बिघडलं की चूक कोणाची ते आधी ठरवायचं, ही सवय अजून गेलेली नाही.

प्रकार असा होता. काकूंचे यजमान डॉक्टर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा दूर ब्रॅकनेलला. घरात सोबत म्हणून बंड्या आला. एरवी गुणी, पण फिरायला नेलं आणि मांजर दिसलं की त्याच्या अंगात यायचं. अशाच एका सकाळी त्याने हिसका दिला आणि काकू पेव्हमेंटवर पडल्या.

"मी मागे सरत होते आणि हा पुढे," काकू म्हणाल्या. मी ते लिहून घेतलं आणि विसरले.

"प्लास्टर निघू द्या," मी अमितला म्हटलं. "त्यानंतर मला तीन आठवडे द्या."

"लुक, मलाही डॉग आवडतो. पण आई परत पडली तर? तीन वीक्स. त्यापुढे नाही."

त्याचंही काही चुकत नव्हतं. क्रेट, म्हणजे कुत्र्याला न्यायचा पिंजरा, पॅसेजमध्येच ठेवून तो गेला.

प्लास्टर होतं तोवर बंड्याला मीच फिरवलं. आमच्या कामात थ्रेशोल्ड नावाचा शब्द आहे. मांजर एका ठरावीक अंतरापलीकडे असेल तर कुत्र्याला चीजचा तुकडा खायची शुद्ध असते. त्याच्या आत आलं की डोकं बंद. ती सीमारेषा म्हणजे थ्रेशोल्ड. तिच्या बाहेर उभं राहायचं. मांजर दिसलं की चीज द्यायचं. काही दिवसांनी कुत्रा मांजर बघून माणसाकडे वळायला लागतो. मग अंतर कमी करायचं. सहा आठवड्यांनी बंड्या भिंतीवरच्या तांबड्या बोक्याखालून माझ्याकडे बघत चालत गेला. मी खूश होते.

प्लास्टर निघालं. लीड, म्हणजे बंड्याचा पट्टा, काकूंच्या हातात दिली. दुसऱ्याच दिवशी एक मांजर रस्ता ओलांडून गेलं आणि बंड्या पुन्हा दोन पायांवर उभा.

"काकू, तुम्ही लीड ओढता."

"नाही गं."

"ओढताच. माझ्याबरोबर तो असं करत नाही."

मी जरा तोडूनच बोलले. काकू लीड गुंडाळत राहिल्या.

दोन आठवडे असेच गेले. अमितचा फोन आला, सॅटरडेला येतोय. मी निघताना काकू दारात म्हणाल्या, "सकाळी उठल्यावर मी पहिलं वाक्य याच्याशी बोलते. हा गेला की कोणाशी बोलू?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागून चालत मोबाइलवर व्हिडिओ घेतला. घरी येऊन टेबलाशी बसून दोघींनी तो पाहिला. भिंतीवर मांजर बसलेलं, काकू सरळ पुढे गेल्या, बंड्याही गेला. मग एक मांजर रस्ता ओलांडायला निघालं. बंड्याने ते अजून पाहिलंही नव्हतं. काकू थबकल्या. लीड ताठ झाली. मांजराकडे तोंड ठेवून त्या एकेक पाऊल मागे सरकू लागल्या. मी पावलं मोजली. सात. आपलं माणूस घाबरून मागे हटतंय म्हणजे समोर काहीतरी भयंकर आहे, असंच बंड्याला वाटणार.

"काकू, ही सात पावलं?"

त्या ओशाळल्या. "डॉक्टरांची बायको आणि हे असलं करते, म्हणशील."

मग त्याच सांगू लागल्या. "यांचं छोटंसं ऑपरेशन होतं. हॉस्पिटलला निघालो तर घरासमोरच्या ड्राइव्हमध्येच मांजर आडवं गेलं. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबू या. हे हसले. म्हणाले, इथल्या मांजरांना कुठे माहीत असतं? निघालो आम्ही. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी हार्ट बंद पडलं. तेव्हापासून मी थांबते, सात पावलं मागे येते."

शकुन-अपशकुनांवर माझं एक भाषण तयार असतं. सासूबाईंनी ते बरेचदा ऐकलंय. त्या दिवशी मी ते गिळलं. मला रडू येत होतं, आणि तोडून बोलल्याची लाजही वाटत होती.

"थांबा तुम्ही," मी म्हटलं. "सात पावलंही चाला. फक्त उलटं चालू नका. बंड्याला घेऊन पाठ फिरवा आणि मग चाला. लीड सैल, आणि दर पावलाला चीज."

आमच्या भाषेत हा यू-टर्न. कुठल्याही ट्रेनरला तो पहिल्या महिन्यात शिकवतात.

"पाठ फिरवली तर चालतं का?"

"त्यातलं मला कळत नाही, काकू."

त्यांनी विचार केला. "चालेल. मागे गेलं म्हणजे झालं."

उरलेले पाच दिवस दोघं सकाळ-संध्याकाळ तेवढंच करत होते.

शनिवारी अमितने लीड स्वतःच्या हातात घेतली. मोठ्या ढांगा टाकत पुढे निघाला. काकू आणि मी मागे. वळणावर एका गाडीखालून काळंपांढरं मांजर निघालं आणि रस्ता ओलांडून गेलं. अमितचं लक्षही नव्हतं. बंड्या थांबला. मांजराकडे एकदा बघितलं, वळला आणि काकूंच्या दिशेने चालू लागला. अमितला त्याच्यामागून यावं लागलं. काकूंनी कोटाच्या खिशातून चीज काढलं.

"आई, हे कुठे शिकला हा?"

"यांनी माझं ऐकलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "हा ऐकतो."

अमितने लीड आईच्या हातात दिली. संध्याकाळी क्रेट वर माळ्यावर, लॉफ्टमध्ये गेला.

माझ्या क्लायंट फॉर्मवर तेव्हापासून एक प्रश्न जास्त आहे: मांजर दिसल्यावर तुम्ही स्वतः काय करता? बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. मी आता त्यांच्या मागून चालते.