खुर्चीतून चालवलेली टग

मोठं जहाज भर समुद्रात कितीही ऐट मिरवो, बंदरात शिरलं की त्याचे हातपाय गळतात. अरुंद जागेत त्याला स्वतःचं स्वतः वळता येत नाही. मग त्याला ओढायला आणि ढकलायला टग लागते. बुटकी, रुंद बोट, पण अंगात रग अशी की दहा मजली जहाज निमूटपणे तिच्यामागून येतं. या बोटीच्या कप्तानाला त्या बंदरात सगळे 'टग्या' म्हणत. त्या टग्यांच्या गर्दीत एक बाई घुसली, तेव्हा तिला काय म्हणायचं यावर चार दिवस धक्क्यावर खल झाला आणि शेवटी 'टगेबाई' हे नाव पक्कं झालं. तिला ते आवडलं. तिच्या नवऱ्याला तर फारच आवडलं. तो शाळेची बस चालवायचा आणि ओळख करून देताना म्हणायचा, "आमच्या घरात एकच टग्या, आणि तो मी नाही."

ती बंदरात आली ती दोर सांभाळायला. ओले, मांडीएवढे जाड दोर हुकात अडकवायचे, सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे. सोबतचे म्हणायचे, ही पावसाळाभरही टिकायची नाही. ती टिकली, परीक्षा दिल्या, एकदा नापास झाली, परत बसली, आणि कप्तान झाली. इंजिनावर तिच्या जोडीला कायम एकच माणूस असे. त्याचा आवाज असा की इंजिन चालू असतानाही खालून वर ऐकू यावा, म्हणून तो 'भोंगा'. दोघांनी मिळून इतकी जहाजं धक्क्याला लावली की एकमेकांशी बोलायचं कामच उरलं नव्हतं. तरी भोंगा बोलायचाच.

मग टगेबाईचा गुडघा गेला. एकदम नाही, हळूहळू. धक्क्यावरून बोटीत उतरायची उभी लोखंडी शिडी तिला आधी नकोशी झाली, मग अवघड झाली. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो बघून सांगितलं, "चालण्याफिरण्याला हरकत नाही, पण शिड्या बंद. पुढच्या तपासणीत मी तुम्हाला बोटीसाठी पास करू शकणार नाही."

ती घरी आली, पिशवी कोपऱ्यात टाकली आणि बसून राहिली. नवऱ्याने पाणी आणून दिलं. "बस शिकवू का?" त्याने विचारलं.

"अहो, मुलं पळून जातील."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"टग चालवायची. दुसरं मला येतं काय?"

आणि नेमक्या त्याच सुमाराला कंपनीच्या मालकाच्या डोक्यात नवी गोष्ट शिरली होती. मालक तिच्याहून लहान, वडिलांच्या जागी आलेला. बंदर चालवणाऱ्या संस्थेने सगळ्या टगवाल्यांना कळवलं होतं की पुढचा करार देताना किनाऱ्यावरून चालवता येणारी टग ज्याच्याकडे असेल त्याला झुकतं माप मिळेल. कॅमेरे बोटीवर, कप्तान खोलीत. बोटीवर फक्त एक इंजिनवाला, दोर अडकवून झाला की तोही खाली. हे चालेल की नाही हे ठरवणार होतं बंदराचं सुरक्षा खातं. त्यांच्यासमोर खरं जहाज ओढून दाखवायचं, मग परवाना. मालकाने सगळ्या कप्तानांना बोलावलं. एकेकाने काखा वर केल्या. पाण्यात बसून चालवायची वस्तू खुर्चीत बसून चालवायची म्हणजे पोरखेळ, असं एकाने तोंडावर सांगितलं.

"मी चालवते," टगेबाई म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. पोरखेळ म्हणण्यात सगळ्यात पुढे तीच असेल असं सगळे धरून चालले होते.

खोली गोदामाच्या वरच्या मजल्यावर होती. जिना होता, पण कठडा भक्कम होता. समोर तीन मोठे पडदे, मध्ये खुर्ची, खुर्चीच्या दोन्ही हातांवर दांडे, आणि त्या दांड्यांनी फिरणारे बोटीच्या पोटाखालचे पंखे. ही सगळी यंत्रणा एका इंजिनिअरने उभी केली होती. त्याचा फोन कायम सायलेंटवर असे आणि तोही. त्यामुळे त्याचं नाव पडायला वेळ लागला नाही. टगेबाईचं आणि सायलेंटचं चांगलं जमलं. ती बोलायची, तो मान हलवायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती म्हणाली होती तसं झालेलं असायचं.

पहिल्या आठवड्यात तिच्या नाकी नऊ आले. पडद्यावर समुद्र डुलायचा आणि खुर्ची मात्र जागची हलायची नाही. आयुष्यात बोट न लागलेली बाई गोदामाच्या वर बसून ओकारी दाबत होती. "हे डुलणं बंद कर बाबा," ती सायलेंटला म्हणाली. त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी कॅमेरे असे बसवलेले होते की बोट कितीही कलली तरी चित्र सरळ. मळमळ गेली आणि हात मोकळा झाला. सरावात ती रिकामी बोट अशी फिरवायची की धक्क्यावरचे टगे हातातलं काम सोडून बघत राहायचे. भोंगा बोटीवरून वायरलेसवर ओरडायचा, "अगं, मी आत आहे, जरा माणसासारखी चालव!"

चाचणीच्या सकाळी वारा बेताचा होता. सुरक्षा खात्याच्या तपासनीस मॅडम तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. काटेकोर बाई, पण अडवणूक करणाऱ्या नव्हत्या. मालक दाराशी हात चोळत होता. धान्याचं एक मोठं जहाज आत येत होतं. पुढे दुसऱ्या कंपनीची नेहमीची टग, मागे टगेबाईची. चाचणी असल्यामुळे भोंग्याला वर, हुकाजवळ उभं केलं होतं.

सुरुवात झकास झाली. दोर ताणला गेला, जहाजाची शेपूट तिच्या मनाप्रमाणे वळू लागली. मॅडमचं पेन सरसर चालल्याचा आवाज तिला मागून येत होता. आणि मग जहाजाने वळण पकडायला म्हणून एकाएकी वेग वाढवला. बोटीच्या ओळीत असलेला दोर बाजूला सरकला. टगेबाईने दांडा फिरवला. तिला वाटलं, वेळ आहे. पडद्यावर पाणी सरळ होतं, आकाश सरळ होतं.

"सोडतोय!" भोंग्याचा आवाज खोलीत फुटला, आणि पाठोपाठ हुक उघडल्याचा ठण्ण आवाज.

दोर पाण्यात पडला. बोट एका झटक्यात मोकळी झाली. जहाज पुढच्या टगने सावरलं, मग टगेबाईने बोट पुन्हा जवळ नेली, दुसरा दोर लावून घेतला आणि काम पुरं केलं. दोराने बोट आडवी ओढली जाऊन कलंडणं म्हणजे काय हे तिला माहीत होतं. पाणी दारातून आत यायला लागलं की खालच्या माणसाला शिडी चढायलाही वेळ मिळत नाही.

"छान," मॅडम म्हणाल्या. "संकटात दोर सोडण्याची चाचणी शेवटी घ्यायची होती, तुम्ही मध्येच करून दाखवलीत. चांगलं झालं."

मालकाचा चेहरा खुलला. त्याने मॅडमच्या पाठीमागून टगेबाईकडे बघून हलकेच मान हलवली. गप्प बस, असा त्याचा अर्थ होता. गप्प बसणं सोपं होतं. परवाना मिळाला असता, करार मिळाला असता, ही खुर्ची कायमची तिची झाली असती. नाही मिळाला तर तिच्यासाठी ना बोट होती ना खोली.

तिने खुर्ची वळवली. "मॅडम, ती चाचणी नव्हती. बोट कलंडत होती आणि मला ते इथून कळलं नाही. वरच्या माणसाने वाचवली. तुमच्या नियमाप्रमाणे तो उद्यापासून वर नसणार."

मॅडमनी पेन बंद केलं. "कळलं का नाही?"

"चित्र सरळ ठेवा असं मीच सांगितलं होतं म्हणून. पायाखाली बोट असली की डोळे मिटूनही कळतं. इथे पायाखाली गोदाम आहे."

"परवाना आज देता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"नकाच देऊ. थोडे दिवस द्या. हे जमण्यासारखं आहे."

मॅडम गेल्यावर मालक फाडकन म्हणाला, "बाई, तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"भोंगा खाली इंजिनाशी असता, तर उत्तर कोणी दिलं असतं, मालक?"

मालक तरातरा जिना उतरून गेला. खाली धक्क्यावर भोंगा भिजलेल्या बुटांनी उभा होता. तिच्याशी काही न बोलण्याची ही त्याची पहिलीच वेळ. ती कठडा धरून उतरली, त्याच्याजवळ गेली. "चुकलं रे माझं," ती म्हणाली.

"बोट वाचली की," तो म्हणाला. "पण बूट नवीन होते."

दुसऱ्या दिवशी ती खोलीत आली तेव्हा सायलेंट आधीच तिथे होता आणि चक्क बोलत होता. चूक त्याची होती, विचारायला हवं होतं त्याने, वगैरे. "ते नंतर," ती म्हणाली. "मला बोट पाठीला कळली पाहिजे." मग दोघं कामाला लागले. खुर्चीखाली यंत्र बसलं. बोट जितकी कलेल तितकी खुर्चीही कलू लागली. दोराचा ताण दाखवणारा पट्टा पडद्याच्या मधोमध आला. दोर ठरलेल्या रेषेपलीकडे बाजूला गेला की बोट आपणहून ढील देऊ लागली, माणसाची वाट न बघता. मळमळ परत आली. टगेबाईने ती मुकाट्याने अंगवळणी पाडली.

दुसऱ्या चाचणीत मॅडमनी मुद्दाम जहाजाच्या कप्तानाला वेग वाढवायला सांगितलं. खुर्ची कलली, टगेबाईच्या कमरेला कळलं, आणि पट्टा लाल होण्याआधीच बोट दोराच्या ओळीत आलेली होती. परवाना मिळाला. त्यासोबत खात्याने नवा नियमही काढला की त्या बंदरात किनाऱ्यावरून टग चालवायची तर कप्तानाला बोटीचा कल अंगाला जाणवलाच पाहिजे. बाकी कंपन्यांच्या खोल्या तोवर अर्ध्या बांधून झाल्या होत्या, खुर्च्या घट्ट जमिनीला ठोकलेल्या. त्यांना सगळं उखडावं लागलं. करार उशिरा झाला, पण मालकाशीच झाला. आता तो पाहुण्यांना खोली दाखवताना सांगतो, "सुरक्षेत आम्ही पहिल्या दिवसापासून तडजोड केली नाही." टगेबाई अशा वेळी पडद्याकडेच बघत राहते.

तिच्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला ती आधी महिनाभर भोंग्याबरोबर बोटीवर धाडते, आणि तक्रार केली तर आणखी एक आठवडा. परवा जोराच्या वाऱ्यात मोटारींनी भरलेलं एक जहाज आलं, भिंतीसारखं उंच. टगेबाई खुर्चीत मागे सरकली, पाठ टेकवून बसली, आणि वायरलेसचं बटण दाबलं.

"भोंग्या, दार लावून घे. ओढते आता याला."