लाल चिंधी

"कोंबड्यायलेही समजते, कोन कोनाचं हाय ते."

पाटलीणबाई असं म्हणाल्या आणि गटातल्या साऱ्या बाया हसल्या. माझ्या मांडीवर माझी कबरी कोंबडी होती. तिच्या पाठीवर पीस उरलं नव्हतं. कातडं फाटून आतलं मांस दिसत होतं. माझ्या पातळाला तिचं रक्त लागलं होतं, आणि बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"तुह्या कोंबड्या घरी घेऊन जाय," बाई पुढे म्हणाल्या. "बाकीच्यायच्या त्यायले टिकू देत नाही. निसर्गच तसा हाय. त्याले आपन काय करनार?"

निसर्ग! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

फुलसावंगीच्या अलीकडे आमचं गाव. बायांच्या बचत गटाचा मोठा सामाईक खुराडा आहे, गावाच्या मोकळ्या जागेवर. तो कुणाच्या बापाचा नाही. त्याच्या कुडाला माती मी लिंपली, जमीन मी सारवली. आम्ही बौद्ध, आमची वस्ती नाल्यापलीकडे. पाटलीणबाई गटाच्या अध्यक्ष. त्यांच्या घरात माणूस जन्मालाच अध्यक्ष म्हणून येतो. बैठकीत चहा होतो तेव्हा सगळ्यांना कपबशी, मला कागदी कप. एकदा विचारलं तर बाई म्हणाल्या, "तेच बरं वं, धुवाची कटकट नाही." कटकट फक्त माझ्याच कपाची.

खुराड्यात कोंबड्या सोडल्या त्या दिवशी बाईंनी एक जुनं लाल लुगडं आणलं. टरटर चिंध्या फाडल्या आणि माझ्यापुढे टाकल्या. "तुह्या कोंबड्यायच्या पायात बांध. लोकं इचारतात, अंडं कोनाच्या घरचं. मिसळाले नको." बाकी कुणाच्या कोंबडीला खूण नव्हती. माझ्या कोंबड्यांना खूण, माझ्या अंड्यांना वेगळी टोपली. मी बांधल्या चिंध्या. गटात पाय टिकावा म्हणून गिळलं सगळं.

आठवडाभरात कबरीवर हल्ले सुरू झाले. सगळ्यात पुढे बाईंची धिप्पाड पांढरी. ती टोच मारायची, मग बाकीच्या तुटून पडायच्या. दाण्यापाशी येऊ देईनात, पाण्यापाशी येऊ देईनात.

आमच्याकडे यावर एकच रीत. मार खाणारीला उचलायचं आणि बांबूच्या डालग्याखाली एकटीला झाकायचं. मीही तेच केलं. हळद-तेल लावलं, जखम भरू दिली, परत सोडली. आधीच्या दुप्पट मार बसला. बाहेर राहिलेली कोंबडी कळपाला परकी होते. तिची जागा दुसरीनं घेतलेली असते.

हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणी शाळेत मी टाकीच्या नळाला हात लावला म्हणून पोरींनी मला ढकललं होतं. कपाळ तोटीवर आपटलं. व्रण अजून आहे. बाप आला. ढकलणाऱ्या पोरींना कुणी काही बोललं नाही. गुरुजींपुढे हात जोडले ते माझ्या बापानं. मला घरी घेऊन गेला. म्हणाला, "बाजूले होय, माय. आपल्याले भांडन झेपत नाही." मी जी बाजूला झाले ती झालेच. शाळा सुटली. ढकलणाऱ्या शिकल्या.

मलाही डालग्याखालीच झाकलं होतं. मायेनं झाकलं, पण झाकलंच.

बाया हसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी खुराडा झाडायची पाळी माझी आणि शबानाची होती. शबाना माझ्यासोबतच गटात आलेली, तिचा नवरा मोटरसायकली दुरुस्त करतो. झाडता झाडता ती थांबली.

"ए, इकडं देख. ते कोंबडीले नाही, चिंधीले मारून राह्यल्या."

मी खाली बसून बघितलं. पांढरी आली ती थेट पायावर. लाल चिंधीवर टोच. पायाचं कातडं फुटलं, रक्त आलं. लाल दिसलं की कोंबडी टोचतेच. मग पाठ, मग मान. माझ्या चारही कोंबड्यांचे पाय तसेच सोललेले होते.

म्हणजे खूण तुम्हीच करायची. त्या खुणेनं आम्ही मार खायचा. आणि वर म्हणायचं, निसर्ग आहे! मला रडू आलं नाही. हातातला खराटा मोडावा इतका राग आला.

पुढच्या बैठकीला, खुराड्यापाशीच, मी माझ्या कोंबड्यांच्या पायांतल्या चिंध्या विळ्यानं कापल्या. सगळ्यांसमोर. मग पांढरीला पकडलं आणि एक चिंधी तिच्या पायात बांधून तिला खुराड्यात सोडलं.

"काय करून राह्यली वं?" बाई ओरडल्या.

एक कोंबडी आली. तिनं चिंधीवर टोच मारली. मग दुसरी. मग तिसरी. पांढरी उड्या मारायला लागली.

"काढ ते! मारून टाकतीन तिले!"

"काहून बाई? कोंबड्यायले समजते नं, कोन कोनाचं हाय ते?"

या वेळी कुणी हसलं नाही. मी पांढरीला उचललं, चिंधी सोडली. रक्त येऊ दिलं नाही. माझं वैर कोंबडीशी नव्हतं. पण मारायची सवय तिला लागली होती, म्हणून डालगं आणलं आणि तिला त्याखाली झाकलं.

"चार दिवस हे आत राहीन," मी म्हणाले. "माह्या कोंबड्या इथंच राहतीन. अंडे एकाच टोपलीत जातीन."

"उद्यापासून गटात येऊ नको तू," बाई म्हणाल्या.

"येतो. उद्या खुराडा झाडाची पाळी कोनाची, ते तुमीच ठरवली नं? माही हाय."

चहा आला. कागदी कप मी तसाच ठेवला, ट्रेमधली कपबशी उचलली आणि प्याले. पाटलीणबाई उठून गेल्या. त्यांच्यामागून अर्ध्या बाया गेल्या. गट फुटेल, कदाचित. फुटू दे.

माझी पोरगी औंदा शाळेत जायला लागली. तिला कुणी नळावरून ढकललं तर मी तिला घरी आणणार नाही. हात जोडणार नाही. तिला त्याच नळावर उभी करीन, पोटभर पाणी पाजीन, आणि ढकलणाऱ्याला बाहेर काढल्याशिवाय शाळेच्या दारातून हलणार नाही.