नजीर टेलरची झोप

नजीर टेलर झोपेत शिवायचा. डोळे मिटलेले, पाय पायडलवर चालूच. जाग आली की पायजम्याचा एखादा पाय खालून शिवून बंद झालेला असायचा. मग ब्लेड घेऊन मुकाट्यानं उसवायचा. सिरसाळ्यात माझं पंक्चरचं दुकान त्याला लागून, म्हणून हे रोजचं बघणं.

दुसरी खोड त्याहून वाईट. खळखळून हसला की गुडघे जायचे, जीभ जड व्हायची, माणूस पोत्यासारखा खाली. शुद्ध मात्र पक्की. गावानं ठरवलं, पितो. नमाज न चुकवणारा माणूस! तो म्हणायचा, "पिली असती तर मजा तरी आली असती, अण्णा."

शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडं मी संगं गेलतो. बाईंनी पोरपणी आलेल्या मोठ्या तापाचं विचारलं. म्हणाल्या, झोप नि हसून पडणं, दोन्ही एकाच आजाराची. अंगात रोगाशी लढणारी फौज असते. त्या लढाईत तिनं मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या पेशीही मारल्या असाव्यात. पक्कं अजून कुणाला सांगता येत नाही.

मी चौथी शिकलेला, पण मला हे पटलं नाही. परतताना नजीरला म्हटलं, "राखणीचं कुत्रं मालकाला चावतं व्हय रे?"

"अंधारात वळखलं न्हाई तर चावतं की," नजीर म्हणाला.

पुढं त्याच्या पोरीला, शबानाला बघायला दिंद्रुडचे पाहुणे आले. मी बजावलं होतं, निकाह होईस्तोवर आजाराचं नाव काढायचं नाही. आजही मला माझंच बरोबर वाटतं. पण मुलाचा बाप लई बोलका. "आमच्या बकरीनं ह्याचा कॉलेजचा फॉर्म खाल्ला, म्हणून पोरगा मेकॅनिक झाला," म्हणाला. नजीर हसला आणि चहाच्या ट्रेसकट कोसळला.

"भर दुपारी?" पाहुण्यांतलं कुणीतरी कुजबुजलं.

मी म्हटलं, "उन्हानं चक्कर आली."

नजीर भिंतीला धरून उठला. "ऊन न्हाई, दारू बी न्हाई. अण्णा मायेनं खोटं बोलतेत. मला बीमारी हाय. लपवून पोरगी देनार न्हाई."

"पोरीला हाय का?" पाहुण्यांतल्या एकानं विचारलं.

"आज न्हाई. बापाचं पोरीला येतंच असं न्हाई, म्हनली डॉक्टरीन. ती लिहून मात्र देत न्हाई."

पाहुणे उठले, चपला शोधू लागले. शबाना दारामागं. मला वाटलं, मोडलं. मुलाचा बाप तेवढा जागचा हलला नाही. त्यानं शेजारची खुर्ची नजीरकडं सरकवली.

"व्याही, आधी बसा. बकरीची गोष्ट अर्धीच झाली."