एडवणच्या गिटारची किंमत

मामा गेल्याचा निरोप कारखान्याच्या गेटवर आला. वॉचमनने आत येऊन सांगितलं, बोईसरचे मामा वारले, घरी बोलावलंय. शेजारच्या मशीनवरचा सोबती म्हणाला, "जाओ भाई, मामा तो बाप जैसा होता है." मी म्हटलं, चहा संपवून जातो. आणि खरंच संपवला. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांपैकी कुणी बबनमामाला बरोबर घेऊन जुनी गिटार विकत घ्यायला गेलेलं नसणार. त्याला जाऊन महिना होत आला, आणि भेटेल तो मला सांगतो, काय सरळ माणूस होता तुझा मामा. सरळ होताच. काठीही सरळच असते, पाठीत बसली की कळतं.

बोईसर स्टेशनाजवळ मामाचं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या जिवावर उभा केलेला ऑर्केस्ट्रा. किनाऱ्यावरच्या गावांत, पार दातिवऱ्यापर्यंत, हळदीला आमची पार्टी लागायची. मी तारापूरच्या कारखान्यात पाळी करून त्या पार्टीत गिटार वाजवायचो. बिदागीचे वाटे मात्र बोटीवरच्यासारखे पडत. बोटीवर जसा माणसाचा वाटा वेगळा आणि जाळ्याचा वेगळा, तसा आमच्यात वाजवणाऱ्याचा एक आणि वाद्याचा एक. मी वाजवायचो ती गिटार मामाची. म्हणजे बोटं माझी सोलून निघायची आणि गिटारचा वाटा मामाच्या खिशात जायचा. सख्ख्या भाच्याला काही सूट? नाव नको. "जाळं ज्याचं, वाटा त्याचा," एवढंच बोलून तो नोटा मोजायला लागायचा. स्वतःची गिटार असल्याशिवाय मी आयुष्यभर त्याचा खलाशीच राहणार होतो.

आणि ऐंशी सालच्या आसपास एडवणच्या हिराबायकडच्या गिटारची बातमी लागली. तिचा नवरा तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत एका अमेरिकन इंजिनिअरकडे स्वयंपाकी होता. साहेब मायदेशी परत जाताना आपली इलेक्ट्रिक गिटार त्याला देऊन गेला. पुढे नवरा वारला, गिटार खिळ्यावर राहिली. हिराबाय सुकी मासळी विकून घर चालवायची, आणि तिने गिटारचे चारशे सांगितले होते. मी ती बघितली... गडद लाल अंगाची, कडेला मनगट घासून घासून रंग गेलेली. तिथेच माझी अक्कल गेली. पण जीव जडलेल्या माणसाने किंमत करू नये एवढं भान शिल्लक होतं, म्हणून मामाला नेलं. वाद्य पारखावं तर त्यानेच, असं सगळं बोईसर म्हणायचं. शिवाय मला ठाऊक होतं की दुसऱ्याच्या कुठल्याही वाद्याला तो एकच शब्द वापरतो, भंगार. तो भंगार म्हणेल, मी तीनशे म्हणेन आणि हिराबाय साडेतीनशेला तयार होईल, असा माझा हिशेब होता.

मामाने गिटार आधी नाकाशी नेली, माशाचा कल्ला उघडून बघावा तशी. मग डोळ्यासमोर आडवी धरून मानेवरून नजर टाकली, कुठे बाक आलाय का ते बघायला. खुंट्या एकेक करून फिरवल्या. मागची पट्टी उघडली आणि आतल्या सोल्डरला कुणाचा हात लागलाय का ते पाहिलं. शेवटी खांद्यावरून आणलेल्या छोट्या अँप्लिफायरला तिला जोडलं, एकच सूर वाजवला आणि डोळे मिटून तो विरेपर्यंत बसून राहिला. सूर काही विरेना. अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकायचं सोडून हिराबायही ऐकत राहिली. मग मामाने डोळे उघडले, आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "बाय, चारशेला कुनाला देऊ नको. जुनी हाय, परदेशी हाय, आतली एकबी तार बदललेली नाय. चार हजाराच्या खाली सोडू नको. याला तर नायच."

मी ताडकन उठून रस्त्यावर आलो. मामा आत आरामात चहा पीत बसला. एसटीची वाट बघताना मी त्याला विचारलं, तू माझ्या बाजूने आला होतास की तिच्या? तो म्हणाला, "तू किंमत करायला आणलंस. मी किंमत केली." मी म्हटलं, किंमत केलीस ती आपल्या गिटारचा वाटा राखायला. तो भुईमुगाच्या शेंगा सोलत राहिला, आणि अर्ध्या माझ्यापुढे धरल्या. मी घेतल्या नाहीत.

लोक म्हणतात, त्याने एका विधवेला नाडू दिलं नाही. मी म्हणतो, त्याने आपला वाटा राखला. दोन्ही खरं असेल, त्याने माझा राग काही कमी होत नाही. कारण चार हजार कोण देणार होतं? केळव्याला सुट्टीला येणारे मुंबईकर कधीमधी बघायला जात, किंमत ऐकून शहाळं पिऊन परतत. हिराबाय हटली नाही. मी पुढची कित्येक वर्षं मामाचीच गिटार वाजवली, त्यालाच वाटा दिला. मग कीबोर्ड आला आणि गिटारवाल्याची खुर्चीच उचलली गेली. माझी हौस कारखान्यातच गंजली. हे सगळं मी मामाच्या खात्यावर मांडतो, आणि शोकसभेत फुलं उधळणाऱ्यांनी तिथे बोट लावू नये.

शेवटचा भेटलो तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला होता. हातापायाच्या काड्या झालेल्या. मला जवळ बोलावून म्हणाला, "सुऱ्या, हिराबायची गिटार बघून ये. मी केलेली किंमत जुनी झाली. आता काय ती तू कर." इतक्या वर्षांत त्याने मला पारखी म्हटलं ते एवढंच... ते मला गोड लागलं, आणि या माणसाकडून गोड लागलं याचाच मला संताप आला.

मामाचे दिवस झाल्यावर त्याचा तोच अँप्लिफायर घेऊन मी एडवणला गेलो. गिटार त्याच खिळ्यावर होती. खाऱ्या वाऱ्याने आपलं काम केलं होतं. मान वाकलेली, खुंट्या जाम, आत सोल्डर हिरवं पडलेलं. कशीबशी जोडून एक सूर वाजवला. मी डोळे मिटायच्या आत तो मेला. मी तिला पुन्हा पुन्हा उलटी-सुलटी केली, कुठे काही शाबूत सापडेल म्हणून. वाट्याचा विचार मनात न ठेवता मी पहिल्यांदाच एखादं वाद्य हातात घेतलं होतं. मग हिराबायला खरं ते सांगितलं, की काकी, हिला आता किंमत उरली नाय. तरी मी चारशे देतो, तुमी तवा मागितलेले.

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "तुझा मामा तवाच बोल्लेला," ती म्हणाली. "तू रागानं भायेर गेलास ना, तवा. बोल्ला, ह्यो पोरगा परत येल, हिला किंमत नाय असं बोलंल, आन वर चारशे देईल. त्याचं ऐकू नको."

मी तिला परोपरीने सांगितलं की मामानेच मला धाडलंय. तिने मान हलवली. मामा गेला, मग आता कुनाला इचारू, असं म्हणून तिने पदराने गिटार पुसली आणि जागच्या जागी टांगली. मी अँप्लिफायर खांद्यावर टाकून एसटी धरली. गिटार अजून एडवणला आहे. कुणाला हवी असेल तर चार हजार पडतील. कमी होणार नाहीत, कारण कमी करू शकणारा एकच माणूस होता आणि तो गेला.