मेणाचे दोन ठोकळे

आईच्या आतड्यातली गाठ अंबाजोगाईला काढली. पुढे पुण्याला दाखवावं लागलं तर हाताशी असावं, म्हणून वडिलांनी लॅबमधून तिचे नमुने मागून आणले. मेणाचे दोन ठोकळे, काडेपेटीपेक्षा लहान. मेणाच्या आत गाठीचा तुकडा. सोबतच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं, की एवढेच आहेत, जपून ठेवा, पुढच्या उपचाराला लागू शकतात. घरात ती चिठ्ठी फक्त मी वाचली. इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे सरकवतात. मी शाळेत होते तेव्हापासून तेच चाललंय.

मग आत्या आईला बघायला नांदूरघाटहून आली. फळीवरचं ठोकळ्यांचं पाकीट उघडून तिने विचारलं, "दुखणं काढलं, न् परत घरातच काहून आणून ठिवलंय?"

अमावास्येला दिवेलागणीच्या आधी तिने आईवरून भात-लिंबाचा उतारा काढला आणि त्याच पत्रावळीत दोन्ही ठोकळे ठेवले. उंबऱ्याशी थांबून माझ्याकडे वळली. "काय हो इंग्लिशवाल्या बाई, याचं काई काम हाय का? आसंल तर सांगा, काढून ठिवते."

शेजारच्या बायका हसल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. चारचौघींत आत्याला अडवायचं माझ्या जिवावर आलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

आत्या तिठ्यावर उतारा ठेवून, मागे न बघता परतली. पाय धुऊन आईजवळ बसली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. आई त्या दिवशी पोटभर जेवली.

वर्षभराने आजार यकृतात दिसला. केमो सुरू झाली, फेऱ्या झाल्या, आईचे केस गेले, आजार जागचा हलला नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर एका नव्या लसीच्या चाचणीबद्दल सांगितलं. गाठीतल्या पेशींमध्ये जे बदल झालेले असतात, ते वाचून त्याच पेशंटपुरती लस बनवतात. शरीराने त्या बदलांवरून गाठ ओळखावी आणि तिच्याशी लढावं, अशी कल्पना. गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मी आईला समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे मापाचं झंपर शिवल्यावानी. दुसरीला व्हायचं न्हाई."

कितीतरी दिवसांनी ती स्वतःहून उठून बसली होती.

पुढच्या फोनवर डॉक्टरांनी सगळ्यात आधी मागितले ते ठोकळे. यकृतातली गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली, तिथून नवा तुकडा काढणं धोक्याचं. जुना नमुना नसेल तर चाचणीत घेता येणार नाही. मी "नाहीत" म्हणाले आणि फोन ठेवला.

आईला सगळं सांगितलं. चिठ्ठीचंही.

ती म्हणाली, "वन्संला सांगू नको. आन्न सोडतील त्या." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू बोलली आसतीस तरी तुझं कोण ऐकनार व्हतं, बाई?"

मी होकारार्थी मान हलवली. पण आत्याने ऐकलं असतं. ती उंबऱ्याशी माझ्यासाठीच थांबली होती.