बारी-बारीनं

आमच्या आत्याच्या पाया पडायला वाकलेला माणूस कपाळावर टिचकी खाऊनच सरळ व्हायचा. नवी नवरी असो, दहावी पास झालेला पोरगा असो, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार असो, टिचकी सगळ्यांना सारखी. उमेदवाराला जरा जोरात बसली होती म्हणतात. "उभं ऱ्हावं. जयभीम म्हनावं. माझ्या पायात काय ठिवलंय?" एवढं झालं की मग चहा. माझ्या लग्नात सासरच्या माणसांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी एक मामेसासरे फसलेच.

या टिचकीमागची गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, तीही भाजी निवडता निवडता, हसत. "माझ्या बापाचं निम्मं आयुष्य पाया पडन्यात गेलं. पर एका बी पायाला त्यांचा हात लागला न्हाई. लांबूनच, मातीला हात लावायचा. शिवलं तर पाय बाटत व्हता म्हनं." धम्म घेतल्यावर आजोबांनी वाकणं सोडलं आणि लेकीनं दुसऱ्याला वाकू देणंही बंद केलं. ती हसली म्हणून मीही हसायला गेले, पण मला ते जमलं नाही.

आमचं गाव कंधार तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात आत्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. त्या वर्षी ज्यांच्या घरात बाईमाणूस उंबऱ्याबाहेर पडत नव्हतं, त्या घरांतल्या सुनाही हातोडी घेऊन बसल्या. गयाबाई त्यांतलीच. गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याची सून, आत्याच्याच वयाची. पहिल्या दिवशी तिनं स्वतःचं बोट ठेचून घेतलं. दगड कसा धरायचा, हातोडी कुठं मारायची, हे तिला आत्यानं शिकवलं. आत्या म्हणायची, "दुष्काळानं सगळ्या बायांला एका रांगंत बसीवलं. पान्याचे रांजन तेवढे दोन ऱ्हायले." त्या खडीपासून तिच्या कंबरेनं जे दुखणं धरलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दुष्काळ सरल्यावर ती माझ्या वडिलांबरोबर, म्हणजे तिच्या भावाबरोबर, लातूरला आली. पुढं लातूरचा वेगळा जिल्हा झाला. नवी ऑफिसं उघडली, जुन्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं गेलं आणि आत्याला शिपायाची नोकरी लागली. "मी आन् जिल्हा एकाच टायमाला कामाला लागलो," असं ती ऐटीत सांगायची. जिल्ह्यात काही बिघडलं की तिला घरातलंच बिघडल्यासारखं वाटायचं. रस्त्यावर खड्डा दिसला तरी ओशाळायची.

त्या ऑफिसात एक कारकून होता. तो तिच्या हातचं पाणी पीत नसे, घरून बाटली आणायचा. आत्या रोज सकाळी त्याच्या टेबलावर पाण्याचा भरलेला ग्लास ठेवायची आणि संध्याकाळी तसाच उचलून कुंडीत ओतायची. वर्षभर तरी हे चाललं असेल. मग एका मे महिन्यात दुपारीच त्याची बाटली संपली आणि त्यानं ग्लास उचलला. ती हे सांगायची तेव्हा मी विचारायचे, तू काय म्हणालीस? "काय म्हनायचंय? आजून पायजे का म्हनलं." मला असल्या सबुरीची चीड यायची. मी असते तर पहिल्या दिवशीच ग्लास त्याच्या डोक्यावर ओतला असता, आणि हे मी तिला सांगितलंही होतं.

मी तिच्या जिवावर विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाले, नांदेडातच नोकरीला लागले. तिनं माझ्यासाठी काय केलं नाही? पण माझ्याकडून काही घ्यायचं म्हटलं की हिचं तोंड वाकडं. तापानं फणफणली तरी कपाळावर हात ठेवू द्यायची नाही. कंबर धरली की भिंतीला पाठ टेकवून उभी राहायची, पण मला चोळू द्यायची नाही. "मला कुनाची सेवा नगं," म्हणायची. तिच्या लेखी सेवा म्हणजे गुलामीचीच धाकटी बहीण.

निवृत्तीनंतर आमच्या विहारातल्या बायकांची थायलंडची सहल निघाली. मी आत्याचं नाव घातलं आणि सोबत माझंही. लातुरात ही बातमी फुटल्यावर पुरुषमंडळी मिशीत हसू लागली. तिचे जुने हेडक्लार्क तर घरी येऊन म्हणाले, "अन्साबाई, तिथं लोक मालिश करून घ्यायला जातेत म्हनं." आत्या म्हणाली, "जातेत की. ज्याचं अंग दुखतंय ते जातंय. तुमचं काय दुखायलंय?" साहेब चहा न घेताच गेले.

विमानात एवढा वेळ बसून तिची कंबर धरली ती धरलीच. बँकॉकला झोपलेल्या बुद्धाची भली मोठी मूर्ती आहे, तिच्यापुढं गुडघे टेकून वंदना करायची म्हणून ती इतक्या लांब आली होती. माणसापुढं न वाकणारी आत्या बुद्धापुढं मात्र कपाळ जमिनीला लावायची. आणि आता तिला गुडघा मुडपता येईना. ती मूर्तीपुढं खांबाला धरून उभी राहिली. बाकीच्या बाया खाली बसल्या, उठल्या. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मला ते बघवेना.

आमचा गाईड मोडकं हिंदी बोलायचा. तो म्हणाला, याच देवळाच्या आवारात मालिश करतात, इथंच शिकवतात सुद्धा. आत्या नको नको म्हणत असतानाच आम्ही तिला तिथं नेलं. लांबलचक पडवी, ओळीनं गाद्या, पंखे. अंगावर घालायला ढगळ सुती कपडे दिले. ते घातल्यावर आत्या तालमीतल्या पोरासारखी दिसायला लागली आणि आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

मग एक ठेंगणी, पन्नाशीची बाई कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आली, आत्याच्या खुर्चीपुढं गुडघ्यांवर बसली आणि तिनं पायाला हात घातला. आत्यानं पाय झटकन खुर्चीखाली ओढले. सवयीनं तिचा हात टिचकीसाठी वर गेला. तो मी धरला, नाहीतर परदेशात नाचक्की झाली असती. "हिला उठीव," ती मला म्हणाली. "सांग हिला, आमच्यात असलं चालत न्हाई."

गाईडनं सांगितलं. त्या बाईला राग आला नाही. ती ओल्या हातानं पलीकडच्या बाईकडं दाखवत काहीतरी बोलली. गाईडनं आम्हाला उलगडून सांगितलं: ती तुमच्या पाया पडत नाही, कामाला सुरुवात करते आहे. काम पायांपासून सुरू होतं. संध्याकाळी ही पलीकडची हिचे पाय धुते, उद्या ही तिचे. इथं शिकायचं तेच मुळी एकमेकींच्या अंगावर.

आत्यानं पलीकडच्या बाईकडं नीट बघून घेतलं. "म्हंजे बारी-बारीनं करतेत म्हन की," ती म्हणाली. मी हो म्हणाले. "मंग हरकत न्हाई." आणि तिनं एक पाय पुढं केला. एकच. दुसरा पहिल्याचं काय होतंय ते बघून मग आला.

पाणी पायावर पडलं तेव्हा ती वर पंख्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते तिनं पुसलं नाही. आजोबांची आठवण मला त्या क्षणी झाली, तिलाही तीच झाली असणार.

आत्या गादीवर आडवी झाल्यावर त्या बाईनं हात जोडले, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटली. त्यात 'नमो' ऐकू आलं, मग 'बुद्ध' ऐकू आलं. गाईड म्हणाला, काम सुरू करण्याआधी ही जीवकाची आठवण काढते, बुद्धाच्या वैद्याची. आत्या कंबर विसरून ताडकन उठून बसली. "जीवक? आपला डाक्टर जीवक?" विहारातल्या प्रवचनात तिनं त्याच्या गोष्टी ऐकलेल्या होत्या. लातूरच्या अन्साबाईनं हात जोडून त्रिसरण सुरू केलं. ती थाई बाई आधी चकित झाली, मग तिनंही सूर लावला. चाल हिची वेगळी, तिची वेगळी. शब्द मात्र तेच. मध्ये गाईडची गरज उरली नाही.

पुढचा तासभर जे चाललं त्याला मालिश म्हणावं की कुस्ती, हे मला ठरवता येईना. तेलाचा थेंब नाही. अंगठ्यानं पोटऱ्या दाबल्या, मग कोपर, मग गुडघा. "आगं, ही वर चढली की," आत्या खालून ओरडली. बाईनं तिचे हात मागून धरून तिला पाठीतून अशी उचलली की हाडं कडाडली आणि आमच्यातली एक जण घाबरून बाहेर गेली. सगळं झाल्यावर आत्या उठली, दोन पावलं टाकली, कंबरेवर हात ठेवून थांबली. मग त्या बाईला म्हणाली, "बस. आता तुझी बारी." शुद्ध मराठीत. ती बसली, हसत हात पुढं केले आणि आत्यानं तिचे दोन्ही अंगठे नीट चोळून दिले.

त्यानंतर ती मूर्तीपुढं गेली आणि गुडघे टेकून तिनं कपाळ जमिनीला लावलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "जलमभर पायी हिंडला बिचारा. त्याचे बी पाय कुनीतरी दाबलेच असतील."

परत आल्यावर लातुरात पाण्याचे फार हाल सुरू झाले. ते रेल्वेनं पाणी आणलं तेच दिवस. आमच्या भागात टँकर यायचा, कधी यायचा ते कोणालाच ठाऊक नसायचं. बाया घागरी मांडून विहाराच्या अंगणात लिंबाखाली बसायच्या. मी नांदेडहून रविवारी यायचे, मीही बसायचे. एका दुपारी आत्या म्हणाली, "नुसत्या चकाट्या पिटन्यापरीस पाय काढा." आणि जोड्या लावून तिनं बायांना एकमेकींचे पाय दाबायला बसवलं. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून ओल्या फडक्यानं पुसायचं. नियम एकच, ज्यानं दाबून घेतले त्यानं दाबून द्यायचे. आयुष्यभर मुलांचे, नवऱ्याचे, सासूचे पाय चेपलेल्या त्या बाया. आपले पाय कोणी हातात घेतल्यावर कित्येकींना काय करावं तेच कळेना. काही लाजल्या, एक तर झोपूनच गेली.

त्याच रांगेत गयाबाई यायची. तिच्या मुलानं लातुरात, आमच्या मागच्या गल्लीत घर बांधलं होतं. ती पायरीवर वेगळी बसायची. पाय सुजलेले, चालताना भिंत धरायची. आत्याला अजून 'अन्सा' म्हणायची आणि आत्या न चुकता सांगायची, "अन्साबाई म्हना." एका रविवारी आत्या उठली, तिच्यापुढं बसली आणि तिचा पाय मांडीवर घेतला. गयाबाई नको नको म्हणाली, पण पाय काढून घेतला नाही. तिची बारी आली तेव्हा मात्र "सून वाट बघायली" म्हणून उठून गेली. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

मी भडकले. घरी आल्यावर म्हटलं, "दोन रांजण विसरलीस का? तिचे पाय तू कामून दाबायचे?" आत्या शांतपणे म्हणाली, "पाया पडताना मान खाली जाती. मी दाबायले तवा माझी मान बघितलीस का?"

"आणि तिची बारी?"

"तिला टाइम लागंल."

माझं समाधान झालं नाही. आजही पुरतं झालेलं नाही. पण तिला थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, टँकर बंद झाले. रविवारची बैठक मात्र अंगणातून विहारात गेली आणि चालूच राहिली. मग आत्याची डावी बाजू गेली. अंथरुणावर मला पाय दाबू द्यायची आता, तेवढं सुख मला मिळालं. एका दुपारी गयाबाई आली. खुर्चीवर बसून पावसापाण्याचं बोलली. मग उठली, खाटेच्या पायथ्याशी बसली. "अन्साबाई," म्हणाली, आणि आत्याचा पाय तिनं मांडीवर घेतला. नुसतीच वरवर चोळत होती. आत्यानं डोळे उघडून बघितलं. तिची जीभ जड झाली होती, पण शब्द कळले. "जरा वर... जोर लाव, बाई." मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथं उभी राहून रडले.

महिनाभरात आत्या गेली.

तिच्यानंतरच्या रविवारी मी विहारात गेले. बाया जोड्या लावून बसल्या होत्या. आत्याची जोडीदारीण कौसाबाई एकटीच पाय पोटाशी घेऊन बसली होती. गयाबाई दारात आली. आजवर ती पायरीच्या आत आली नव्हती. तिनं चपला काढल्या, भिंत धरत आत आली, कौसाबाईच्या समोर हळूच खाली बसली आणि म्हणाली, "पाय द्या."

कौसाबाई बावरली. "पर बारी तर तुमची न्हाई," ती म्हणाली.

"आसू द्या," गयाबाई म्हणाली आणि पदराच्या टोकानं तिचा पाय पुसायला लागली. "माझ्या लई बाऱ्या ऱ्हायल्यात."